गॉथिक चर्चची टोकदार कमान मुळात इस्लामी बांधकामातून आली का?

वाटसरू

नमस्कार मंडळी. सध्या मध्ययुगीन इमारतींबद्दल जे मिळेल ते वाचतोय आणि बघतोय, पण एका प्रश्नावर येऊन पार गोंधळलोय. पॅरिसचं नोत्र दाम, शार्त्र वगैरे गॉथिक चर्चमध्ये जी टोकदार कमान दिसते ती क्रुसेडवाल्यांनी (जेरुसलेमसाठी मुसलमानांशी लढायला गेलेल्या युरोपच्या ख्रिस्ती फौजांनी) जेरुसलेमहून शिकून आणली असं एका व्हिडिओत ठामपणे सांगतात, आणि दुसऱ्यात तितक्याच ठामपणे सांगतात की असं काही नाही, ती युरोपातल्या गवंड्यांनीच स्वतः शोधली. दोन्हीकडच्या कॉमेंट्समध्ये तर नुसती मारामारी. कोणी चोरलं, कोणी दिलं, कोण मोठं, यात मला रस नाही, प्रत्यक्षात काय झालं असावं एवढंच समजून घ्यायचंय.

माझ्या शंका अशा की टोकदार कमान सगळ्यात जुनी कुठं सापडते, आणि ती मुसलमान देशांत आधीपासून होती तर त्यांनी स्वतः गॉथिकसारखी उंच काचेची इमारत का नाही बांधली? आणि अजून एक, इटलीतल्या जुन्या चित्रांत मेरीच्या डोक्यामागच्या प्रभावळीत अरबी अक्षरांसारखं काहीतरी लिहिलेलं दिसतं, ते खरंच अरबी आहे का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, लांबलं तरी चालेल.

दगडविटा

छान प्रश्न. मी बांधकामाच्या बाजूनं सांगतो कारण मला वाटतं या वादात लोक कमानीचा आकारच बघत बसतात आणि ती काय काम करते हे कोणी बघतच नाही.

आधी तारखा. इस्लामी जगात टोकदार कमान ८व्या-९व्या शतकात चांगली रुळलेली दिसते. पॅलेस्टाइनमधल्या रामला गावचा जमिनीखालचा पाण्याचा हौद आहे, हारून अल-रशीदच्या काळातला, ७८९ चा, त्यात ओळीनं टोकदार कमानी आहेत. कैरोत नाईलची पातळी मोजायचा नायलोमीटर ८६१ चा, त्यातही आहेत. आणि मग तिथलीच इब्न तुलूनची मशीद, ८७६ ते ८७९, तिचं अंगण चारी बाजूंनी विटांच्या जाडजूड खांबांवरच्या टोकदार कमानींनी वेढलेलं आहे. आता फ्रान्समध्ये बघा, क्लूनीच्या मठाचं तिसरं प्रचंड चर्च १०८८ ला सुरू झालं, त्याच्या आतल्या कमानी टोकदार होत्या. इंग्लंडात डरहॅमचं कॅथेड्रल १०९३ ला सुरू झालं. म्हणजे इब्न तुलून आणि क्लूनी यांच्यात दोनशे वर्षांचं अंतर आहे.

पण इथंच तुमचा पहिला व्हिडिओ घसरतो. क्रुसेडवाल्यांनी जेरुसलेम घेतलं १०९९ ला. क्लूनीचं काम त्याच्या अकरा वर्षं आधीच सुरू झालेलं! त्यामुळे क्रुसेडहून आणली ही गोष्ट तारखांतच बसत नाही. आली असेल तर आधीच आली, आणि बहुतेक व्यापाराच्या वाटेनं, इटलीतून. अमाल्फीच्या व्यापाऱ्यांची इजिप्तशी जोरात ये-जा होती. मॉन्ते कसीनोचा मठ अमाल्फीपासून फार लांब नाही, तिथल्या देसिदेरियस नावाच्या मठाधिपतीनं नवं चर्च बांधलं, १०७१ ला त्याचं अर्पण झालं, आणि क्लूनीचा मठाधिपती ह्यू १०८३ ला तिथं जाऊन आला आणि पाच वर्षांनी त्यानं क्लूनीचं काम काढलं. अमाल्फी ते मॉन्ते कसीनो ते क्लूनी अशी साखळी काही अभ्यासक मांडतात. मला ती पटते.

आता कमान का टोकदार करायची? अर्धवर्तुळाकार कमानीची एक मोठी अडचण अशी की तिची उंची रुंदीवरून ठरते, तुमच्या हातात काही राहत नाही. ६ मीटर रुंद कमान म्हणजे ३ मीटर उंची, विषय संपला. आता ६ बाय ६ मीटरच्या चौकोनावर दगडी छत घालायचंय, चारी बाजूंना कमानी आणि मध्ये दोन कर्णांवर दोन, तर कर्ण येतो साधारण साडेआठ मीटर म्हणजे कर्णावरची कमान सव्वाचार मीटर उंच होणार आणि बाजूच्या तीनच मीटर, मग छत मध्येच फुगणार नाहीतर काहीतरी तडजोड करावी लागणार. चौकोनाऐवजी आयत असला तर लांब बाजूची कमान वेगळी, आखूड बाजूची वेगळी आणि कर्णाची तिसरीच, सगळ्याच उंच्या वेगळ्या. टोकदार कमानीत दोन वर्तुळांचे तुकडे मध्यावर भेटवायचे असतात त्यामुळे रुंदी काहीही असो, उंची तुम्ही ठरवायची. सगळी टोकं एका पातळीत आणता येतात. शिवाय ती उभट असल्यामुळे खांबांना बाहेर ढकलणारा रेटा कमी होतो, तो नाहीसा होत नाही पण कमी होतो.

आणि हेच इब्न तुलूनमध्ये नाहीये! तिथं कमानींवर सपाट लाकडी छप्पर आहे. त्या कमानी सुंदर आहेत, मजबूत आहेत, पण दगडी छताचं ओझं तोलायचा प्रश्नच तिथं नव्हता. म्हणजे आकार तोच, काम वेगळं. गॉथिकवाल्यांनी टोकदार कमान, खालून आधार देणाऱ्या दगडी रिब्ज आणि बाहेरून टेकू देणारे फ्लाइंग बट्रेस या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या, आणि मग भिंतीला ओझं उचलायचं कामच उरलं नाही म्हणून तिथं काच बसवता आली. पॅरिसजवळच्या सां-दनी चर्चचा मागचा भाग, मठाधिपती सुजेरनं बांधवलेला, ११४४ ला पूर्ण झाला, तिथं हे एकत्र येणं पहिल्यांदा स्पष्ट दिसतं (फ्लाइंग बट्रेस थोडे नंतर आले, पण दिशा ठरली होती).

तळटीप

दगडविटा, तांत्रिक भाग एकदम मस्त समजावलात. पण मॉन्ते कसीनोच्या साखळीवर इतकं वजन टाकू नका असं मला वाटतं. देसिदेरियसचं ते चर्च आज बघायलाच मिळत नाही, १३४९ च्या भूकंपात मठ कोसळला, पुन्हा बांधला, आणि १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात परत जमीनदोस्त झाला. क्लूनीसुद्धा फ्रेंच राज्यक्रांतीनंतर दगडासाठी फोडून विकलं गेलं, थोडासाच भाग उभा आहे. म्हणजे साखळीची दोन्ही टोकं गायब आणि आपण मधली कडी जोडतोय. शिवाय मॉन्ते कसीनोच्या जुन्या बखरीत देसिदेरियसनं कारागीर कॉन्स्टँटिनोपलहून मागवले असं लिहिलंय, म्हणजे बायझंटाइन, पूर्वेकडच्या ख्रिस्ती रोमन साम्राज्यातले.

आणि सगळ्यात जुनी कमान कुठली या प्रश्नाचं उत्तरही इस्लामी असं सरळ देता येत नाही. सीरियात कस्र इब्न वर्दान नावाची बायझंटाइन काळातली वास्तू आहे, ५६४ च्या सुमाराची, म्हणजे इस्लामच्याही आधीची, तिथं किंचित टोकदार कमानी आहेत. आर्मेनियन लोकांचं आनी शहरातलं कॅथेड्रल घ्या, त्रदात नावाच्या वास्तुविशारदानं बांधलेलं, १००१ ला पूर्ण झालं. आत उभं राहिलेल्या माणसाला ते गॉथिकच वाटावं, टोकदार कमानी, आणि जुडग्यासारखे एकत्र बांधलेले बारीक खांब थेट वरपर्यंत गेलेले. हा त्रदात म्हणजे तोच, ज्यानं ९८९ च्या भूकंपानंतर कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया चर्चचा घुमट दुरुस्त केला. आणि कैरोचा बाब अल-फुतूह हा १०८७ चा दरवाजा आहे ना, इजिप्तवर फातिमी खलिफांचं राज्य असतानाचा, तो बांधणारे एडेसाहून आलेले होते असं अरब इतिहासकार मक्रीझी लिहितो. आता हे कोणाचं म्हणायचं? गवंडी जिथं काम मिळेल तिथं जायचे, त्यांचा मालक कधी खलिफा असायचा कधी राजा कधी बिशप. त्या दरवाजाच्या कमानीला उशीसारखे फुगीर दगड आहेत आणि जेरुसलेमच्या होली सेपल्कर चर्चच्या दर्शनी भागावर, जो क्रुसेडवाल्यांच्या काळात झाला, अर्पण ११४९, तिथं अगदी तसेच दगड! क्रुसेडचा प्रभाव दाखवायचाच असेल तर हे उदाहरण घ्या, इथं तारखाही जुळतात आणि दगडही समोर आहेत.

घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान अशीच. तिला लोक डोळे झाकून अरबी म्हणतात, पण स्पेनमधलं सान हुआन दे बान्योस हे व्हिसिगॉथिक (अरबांआधी स्पेनवर राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथ लोकांचं) चर्च ६६१ चं आहे, अरब स्पेनमध्ये आले ७११ ला, आणि त्या चर्चमध्ये नालेच्या आकाराच्या कमानी आहेत. अरबांनी ती तिथं पाहिली, उचलली आणि कॉर्दोबाच्या मशिदीत तिचं सोनं केलं. मला म्हणायचंय ते एवढंच की उगम शोधत बसलात तर प्रत्येक वेळी अजून एक पायरी मागं जावं लागतं.

बाय द वे, गॉथिक हे मुळात मुसलमानी बांधकाम आहे हा विचार आजच्या व्हिडिओवाल्यांचा नाही. लंडनचं सेंट पॉल्स बांधणारा क्रिस्टोफर रेन १८व्या शतकाच्या सुरुवातीला हेच म्हणत होता, गॉथिकला सारासेनिक म्हणावं असं त्याचं मत होतं. कारण त्याचंही तेच, क्रुसेड. आणि ते तेव्हाही तारखांत बसत नव्हतं.

वाटसरू

वा, दोघांचेही खूप आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. तारखांचा मुद्दा तर एकदम डोळे उघडणारा. पण दगडविटा, तुम्ही रिब्जबद्दल लिहिलंत तर कॉर्दोबाच्या मशिदीतल्या घुमटात पण रिब्ज आहेत ना? फोटोत मिहराबच्या, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या पुढं चांदणीसारखं छत दिसतं. ते तर गॉथिकच्या खूप आधीचं. मग रिब्ज तिथून आल्या असं का म्हणू नये?

दगडविटा

आहेत, आणि त्या छताबद्दल किती लिहू असं होतं मला. मशीद सुरू झाली ७८० च्या दशकात पहिल्या अब्द अल-रहमानच्या काळात, पण तुम्ही म्हणता ते छत दुसऱ्या हकमनं केलेल्या वाढीतलं, ९६० च्या दशकातलं. तिथं रिब्ज एका बाजूनं निघून समोरच्या कोपऱ्याकडं न जाता जरा बाजूला जातात, एकमेकींना छेदतात, आणि मध्ये एक मोकळा अष्टकोन राहतो, त्यावर छोटा घुमट. मध्यबिंदूतून एकही रिब जात नाही! गॉथिकमध्ये बरोबर उलट, सगळ्या रिब्ज छत्रीच्या काड्यांसारख्या मध्यावर येऊन मिळतात आणि ओझं चार कोपऱ्यांतल्या खांबांवर उतरवतात. कॉर्दोबाचा कारागीर रेषा विणतोय, डरहॅमचा कारागीर ओझं वाटतोय. त्यामुळे एकातून दुसरं थेट आलं असं मी तरी म्हणणार नाही.

पण कॉर्दोबासारखं छत युरोपात गेलं मात्र नक्की. पिरेनीज डोंगरात फ्रान्सच्या बाजूला लोपिताल-सां-ब्लेझ म्हणून छोटं चर्च आहे आणि नवारातल्या तोरेस देल रिओ गावात एक अष्टकोनी चर्च, दोन्ही १२व्या शतकातली, दोन्हीत मध्य मोकळा सोडणारी तशीच चांदणी आहे. इथं मला कुठलाही किंतु नाही, बघणाऱ्याला लगेच कळतं. फक्त ते रोप तिथंच छोट्या चर्चमध्ये वाढलं, मोठ्या कॅथेड्रलवाल्यांनी घेतलं नाही.

आणि तुमचा राहिलेला प्रश्न, मुसलमानांनी गॉथिक का नाही बांधलं. मला हा प्रश्नच थोडा उलटा वाटतो. मशिदीला काय लागतं? किब्ल्याकडं, म्हणजे मक्केच्या दिशेला तोंड करून लांबलचक रांगांत उभं राहता येईल अशी रुंद जागा. म्हणून कॉर्दोबा आडवी पसरत गेली, चार टप्प्यांत, आज साडेआठशेच्या आसपास खांब आहेत. खांब बरेचसे जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथिक इमारतींतून आणलेले, बुटके, म्हणून उंची मिळवायला कमानीवर दुसरी कमान चढवली, लाल विटा आणि पांढरा दगड आलटूनपालटून. किती साधी अडचण आणि त्यातून काय निघालं! आणि उन्हाच्या देशात भिंतभर काच कशाला लावायची, तिथं सावली हवी, जाळीतून गाळून आलेला उजेड हवा. उत्तर फ्रान्समध्ये आभाळ भरलेलं असतं, शिवाय सुजेरसारख्यांना प्रकाश म्हणजे देवाकडं नेणारी वाट वाटत होती, त्यांना खिडक्याच हव्या होत्या. आणि त्या हावेपायी बोवेमध्ये छत ४८ मीटरपर्यंत नेलं आणि १२८४ ला त्यातलं बरंचसं कोसळलं, हेही लक्षात ठेवा.

नीलकाच

उशिरा येतेय, पण प्रभावळीतल्या अक्षरांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आणि खरं सांगू का, कमानीवर एवढं भांडण होतं पण दोन्ही जगांतल्या नात्याचा बळकट पुरावा कमानीत नाहीच, तो कापडात, भांड्यांत आणि पेट्यांत आहे. कमानीला सही नसते, भांड्याला असते.

वाटसरू, ती अक्षरं बहुतेक वेळा वाचता येत नाहीत. अरबी कुफी लिपीचा भास होतो, पण शब्द लागत नाहीत, काही ठिकाणी एखादा तुकडा ओळखू येतो. जेन्तिले दा फाब्रियानोचं, बाळ येशूला भेटायला आलेल्या मॅजाय राजांचं चित्र, १४२३ चं, फ्लॉरेन्सच्या उफ्फिझीत आहे, त्यात मेरीची आणि जोसेफची प्रभावळ बघा. मासाच्चोच्या सान जोव्हेनालेच्या १४२२ च्या चित्रातही आहे. गोल प्रभावळीत गोल फिरणारी अक्षरं ही कल्पना मामलूक (इजिप्त-सीरियावर राज्य करणारे सुलतान) काळातल्या पितळी ताटांवरून आली असावी असं मानतात, त्या ताटांवर कडेनं अशीच लिखावट फिरते आणि ती ताटं इटलीत भरपूर यायची. आणि मेरीच का? कारण ही लिपी त्या चित्रकारांसाठी येशूच्या देशाची, पवित्र भूमीची खूण होती, आणि ती ज्या रेशमावर यायची ते अतिशय महाग होतं. राजाला किंवा देवालाच शोभेल असं. दुसऱ्या धर्माची लिपी आपण वापरतोय अशी अडचण त्यांना जाणवलेली दिसत नाही.

आता तुम्ही सगळे सां-दनीवर बोलत होता ना, त्याच चर्चच्या खजिन्यात फातिमी इजिप्तमधली स्फटिकाची सुरई होती! एका अखंड स्फटिकातून कोरलेली, आत पोकळ, पक्षी आणि वेलींची नक्षी, आता लूव्रमध्ये आहे. तशीच एक व्हेनिसच्या सान मार्कोत आहे आणि तिच्यावर तर खलिफा अल-अझीझचं नावच आहे, ज्याचं राज्य ९७५ ते ९९६. खलिफाचं नाव असलेली सुरई चर्चच्या खजिन्यात जपून ठेवलेली. पिसाच्या कॅथेड्रलच्या छतावर एक मीटरहून जरा उंच असा ब्राँझचा ग्रिफिन बसवलेला होता, गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला, त्याच्या अंगावर कुफीत शुभेच्छा कोरल्यात, आणि तो तिथं १८२८ पर्यंत होता. आणि लूव्रमधलं ते पितळी घंगाळ, सोन्याचांदीचं जडावकाम केलेलं, मुहम्मद इब्न अल-झैन या कारागिरानं त्यावर एकदा नाही, अनेकदा सही केलीये, १४व्या शतकातलं मामलूक काम. फ्रान्समध्ये ते संत लुईच्या नावानं ओळखतात, पण तो लुई १२७० ला वारला म्हणजे त्याचा त्याच्याशी संबंध असूच शकत नाही, तरी १३व्या लुईचा बाप्तिस्मा १६०६ मध्ये याच भांड्यात झाला.

पण एकच जागा बघायची असेल तर पालेर्मो. सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर, त्याची राजवाड्यातली कापेला पालातीना, अर्पण ११४०. खाली लॅटिन चर्चसारखी मांडणी, भिंतींवर ग्रीक कारागिरांची सोनेरी मोझेक, आणि वर लाकडी मुकर्नास छत, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी एकावर एक लटकणारी खोबणी, त्यात अरबी अक्षरं आणि रंगवलेली माणसं, वाजवणारे, नाचणाऱ्या बाया, पेला हातात घेऊन बसलेले लोक. इस्लामी कलेत माणूस नसतोच असं ज्यांना वाटतं त्यांनी ते छत एकदा बघावंच. मशिदीत नसतो, राजवाड्यात खुशाल असतो, जॉर्डनमधल्या उमय्यद काळातल्या कुसैर अम्राच्या भिंती तर माणसांनी भरल्यात. रॉजरचा झगाही बघा, लाल रेशमावर सोन्याचं भरतकाम, दोन्हीकडं सिंह उंटाला लोळवतोय, कडेनं अरबीत लिहिलंय की हा पालेर्मोच्या शाही कारखान्यात हिजरी ५२८ मध्ये केला, म्हणजे ११३३-३४. तो पुढं जर्मन सम्राटांच्या राज्याभिषेकाला वापरला गेला आणि आता व्हिएन्नात आहे. ख्रिस्ती सम्राट, अंगावर अरबी मजकूर!

वाटसरू

नीलकाच, हे अफाट आहे, आता सगळे फोटो शोधत बसणार. एक शेवटचं विचारतो, हे सगळं पूर्वेकडून पश्चिमेकडंच का? उलट कधी गेलंच नाही का?

नीलकाच

गेलं ना! कैरोत सुलतान अन-नासिर मुहम्मदचा मदरसा आहे, १३०३-०४ ला पूर्ण झालेला, त्याचा दरवाजा बघा. अस्सल गॉथिक. १२९१ ला मामलुकांनी अक्का शहर क्रुसेडवाल्यांकडून घेतलं तेव्हा तिथल्या एका चर्चचा संगमरवरी दरवाजा उचलून कैरोला आणला आणि इथं बसवला. बारीक खांबांची जुडगी, टोकदार कमान, सगळं तसंच, फक्त वर अल्लाहचं नाव कोरलंय. आणि कॉर्दोबाच्या मिहराबवरचं सोनेरी मोझेक बायझंटाइन सम्राटानं पाठवलेल्या कारागिरानं केलं, काचेचे तुकडेही तिकडूनच आले, असं अरब इतिहासकारच लिहून ठेवतात.

तळटीप

आणि सेव्हियाचा आल्काझार सोडू नका. कास्तीलचा ख्रिस्ती राजा पहिला पेद्रो, त्यानं १३६४ मध्ये राजवाड्याचा दर्शनी भाग करून घेतला, ग्रानादाच्या सुलतान पाचव्या मुहम्मदशी त्याची दोस्ती होती आणि कारागीर तिकडूनही आले. दरवाजावरच्या पट्टीत बाहेरून गॉथिक अक्षरांत पेद्रोचं नाव आणि बिरुदं आहेत, आणि मध्ये निळ्या-पांढऱ्या टाइल्समध्ये कुफीत ग्रानादाच्या सुलतानांचं ब्रीदवाक्य, अल्लाहशिवाय विजेता कोणी नाही, पुन्हा पुन्हा लिहिलंय. फोटो मोठा करून बघा, नुसतं बघितलं तर ती भौमितिक नक्षीच वाटते.